काळी, पांढरी आणि पोयटा: खानदेशात महिनाभर राहून सिरॅमिक करताना

रेसिडेन्सीला, म्हणजे एखाद्या ठिकाणी राहून काम करायला, आलेला नवा माणूस पहिल्याच संध्याकाळी हमखास एक गोष्ट करतो. केळीचं पान आणतो आणि लाटलेल्या मातीवर त्याचा ठसा घेतो. मीही घेतला होता. शिरा सुरेख उमटल्या, फोटोही झकास आला. महिना संपताना लक्षात आलं, की ही थाळी केरळात बसूनही झाली असती. माती गुजरातेतून पिशवीत आलेली, ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, डब्यातलं, भट्टी विजेची. मी राहिलो त्या रावेर-यावलचं त्यात काय होतं? फक्त मी तिथे जेवत होतो, एवढंच.

म्हणून हा लेख. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात कुठेतरी महिनाभर राहायला मिळालंय, हाताला मातीची थोडी सवय आहे, पण ‘इथलं’ काही करायचं म्हणजे नेमकं काय, हे कळत नाही, अशांसाठी. सोय संस्थेने केलेली असो की मामाच्या मळ्यातली खोली असो, पायऱ्या त्याच.

१. कॅलेंडर उलटं मोजा

शेवटच्या दिवसापासून मागे या. अठ्ठाविसाव्या दिवशी लोकांना काम दाखवायचं असेल, तर ग्लेझची भट्टी पंचविसाव्या दिवशी लागली पाहिजे, कारण ती थंड व्हायला दीड-दोन दिवस जातात. त्याआधी बिस्किटची भट्टी, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी, एकविसाव्या दिवशी. त्याआधी आठ दिवस वाळवणं. म्हणजे घडवण्याचं काम तेराव्या दिवशी संपतं. पहिला आठवडा माती शोधण्यात आणि तपासण्यात जाणार, हे धरलं तर घडवायला हातात उरतात पाच-सहा दिवस. हे पहिल्या दिवशी कागदावर आलं, की ‘पंचवीस भांड्यांची मालिका’ वगैरे आपोआप गळून पडते. सात-आठ भांडी पुष्कळ झाली.

ऋतू निवडता येत असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात उघडी भट्टी लागत नाही आणि माती वाळत नाही. एप्रिल-मे मध्ये उलट त्रास: भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि दुपारी बाहेर ठेवलेल्या वाटीची कड तासाभरात पांढरी पडून चिरते.

२. माती नंतर, आधी कुंभारवाडा

गावात किंवा जवळच्या आठवडे बाजारात कुंभार कोण बसतो, ते विचारा. जाताना आपली भांडी दाखवायला नेऊ नका, त्यांचं एखादं भांडं विकत घ्या. थंडी सरत आली की माठ-घागरींची घाई सुरू होते, ती थेट आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. त्या दिवसांत दोन तास बसून मुलाखत घेणं म्हणजे त्यांचे दोन माठ बुडवणं. माती तुडवायला हात लावा, मग बोलणं आपोआप होतं. त्यांचा दिवस घेणार असाल तर दिवसाचे पैसे आधी ठरवा, संकोच करू नका. ‘कलेसाठी’ म्हणून फुकट शिकवायला त्यांनी का यावं?

मी पहिल्यांदा नदीकाठच्या एका गावात पाटी भरून काळी माती घेऊन गेलो होतो, मोठ्या उत्साहाने. तिथल्या आप्पांनी चिमूटभर उचलली, बोटांत चोळली, आणि म्हणाले, “भाऊ, हाई माटी वावरनी शे, मडकानी नई.” मला वाटलं, जुन्या माणसाचा हट्ट. पुढे तीन आठवडे मी तेच वाक्य महागात शिकलो.

३. माती गोळा करणं

आपल्याकडे गावाची जमीन दोन रंगांत सांगायची पद्धत जुनी आहे: पिकते ती काळी, वस्तीची ती पांढरी. सिरॅमिकवाल्याला यात तिसरी जोडावी लागते, नदी-नाल्याने आणून टाकलेला पोयटा. तिघींचे स्वभाव वेगळे.

काळी म्हणजे बेसाल्ट झिजून झालेली कापसाची माती. हिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. शेतात जे होतं तेच वाटीत होतं. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

पांढरी म्हणजे शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती. भांडं घडवण्याच्या उपयोगाची नाही, आणि तिच्याकडे घडवण्यासाठी बघूही नका. तापी-गिरणेच्या काठावरच्या अशा पांढरींच्या पोटात फार जुन्या वस्त्या आहेत. तापी-गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे इथे १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. गिरणाकाठी चाळीसगाव तालुक्यातल्या बहाळ आणि टेकवाडे इथेही त्याच दशकात खोदकाम झालं. अशा ठिकाणी पावसाने उघडी पडलेली खापरं सहज दिसतात. फोटो काढा, चित्र काढा, जिथे होती तिथेच ठेवा. एक खापर खिशात घातल्याने काय बिघडतं, असं वाटतं. पण जागेवरून हललेल्या खापराचं पुरातत्त्वाच्या दृष्टीने काही उरत नाही. आणि जागा संरक्षित असेल तर तो कायद्याने गुन्हा आहे.

पोयटा, किंवा जुन्या तळ्याचा तळाचा गाळ, ही कुंभाराची माती. बारीक, वळणारी, काळीपेक्षा कमी रुसणारी. कुंभार कुठून आणतो ते विचारा आणि शक्यतो त्याच्याकडूनच घ्या.

परवानगीचं एकच सांगतो. शेतातली पाटीभर माती मालकाला विचारून घ्या, आणि नदीच्या पात्रात फावडं घेऊन एकटे उतरू नका. वाळूच्या प्रकरणांनी तापी आणि गिरणाकाठ आधीच तापलेला आहे. अनोळखी माणूस गोणी भरताना दिसला तर कुणी ‘आर्टिस्ट आहे’ असं समजणार नाही. सरपंच आणि पोलीस पाटील यांना आधी सांगून ठेवा. प्रत्येक पिशवीवर गाव, शिवार, किती खोलीवरची आणि तारीख लिहा, तिथल्या तिथे. ‘लक्षात राहील’ म्हणून ठेवलेल्या माझ्या चार पिशव्या आजही अनामिक आहेत.

४. तपासणी, म्हणजे खरं काम

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं.

ढेकळं फोडून पूर्ण वाळवा, मग पाण्यात टाका. ओली माती नीट विरघळत नाही, कोरडी ठणठणीत असेल तरच ती आपोआप सुटते. दोन दिवस भिजू द्या. वर तरंगणाऱ्या काड्या-मुळं काढा, आणि घोळ आधी जाड चाळणीतून, मग ६० किंवा ८० नंबरच्या जाळीतून गाळा. खाली बसलेली माती जुन्या सुती धोतरात बांधून झाडाला टांगा किंवा कोऱ्या विटांवर पसरा. विटा पाणी ओढून घेतात.

आता पट्ट्या करा. साधारण १४ सेंटिमीटर लांब, ४ रुंद, १ जाड. ओल्या पट्टीवर टोकदार काडीने बरोबर १०० मिलिमीटरची रेघ ओढा आणि मातीचं नाव कोरा. वाळल्यावर रेघ मोजा, भाजल्यावर पुन्हा मोजा. १०० ची ९२ झाली तर ८ टक्के आक्रसली. माझ्या पोयट्याची ९३ झाली. काळीची वाळतानाच ८७ झाली, आणि पट्टी तीन ठिकाणी तडकली ते वेगळंच. आप्पा बरोबर होते.

मग चुन्याची परीक्षा. कोरड्या मातीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. फसफसली तर चुना आहे. खानदेशच्या काळ्या मातीत बहुधा फसफसतेच. चुना पीठ होऊन मिसळलेला असेल तर फारसं बिघडत नाही, खडा राहिला तर घात. चुनखडी ८०० अंशांच्या पुढे भाजली गेली की तिचा कळीचा चुना होतो. भांडं भट्टीतून अगदी चांगलं निघतं. मग हा चुना हवेतली ओल पितो, फुगतो, आणि चार-आठ दिवसांनी टिकलीएवढी कपची उडते. मागे पांढरा ठिपका. माझ्या पहिल्या खेपेच्या सहाही वाट्या कपाटात बसल्या बसल्या अशा फुटल्या, तेही पाहुणे बघायला यायच्या आदल्या रात्री. उपाय दोन: जाळी बारीक लावा, आणि पट्टी भाजल्यावर निदान आठवडाभर ओलसर जागी ठेवून मगच मातीवर विश्वास टाका.

पाणी किती पितं, ते असं बघा. भाजलेली पट्टी कोरडी वजन करा, दोन तास उकळा, त्याच पाण्यात रात्रभर ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. २०० ग्रॅमची २२६ झाली तर १३ टक्के पाणी पिते. माठाला हेच हवं, पाणी झिरपून उडतं म्हणून तर तो गार राहतो. चहाच्या कपाला हे चालणार नाही.

शेवटची परीक्षा आच. इथल्या माती लोहाच्या आणि चुन्याच्या, म्हणून ९०० ते १००० अंशांत सुंदर तांबड्या भाजतात. ११०० च्या पुढे गडद होतात, वाकतात, फुगतात. १२०० च्या वर तर गुळासारखा पाक होतो. म्हणून अनोळखी मातीची पट्टी मोठ्या आचेत कधीच नुसती ठेवू नका, जुन्या वाटीत ठेवा. नाहीतर दुसऱ्याच्या भट्टीचं शेल्फ तुमच्या नावाने कायमचं ओळखलं जाईल.

इथे निराश होऊ नका, गंमत पुढेच आहे. जी माती १२०० ला वितळते, तीच ग्लेझ होऊ शकते. वाटी घडवायला नालायक ठरलेली काळी, गाळून पातळ केली आणि दुसऱ्या मजबूत मातीच्या भांड्यावर ओतली, की तपकिरी-काळा चमकदार थर देते. वावराच्या मातीचं भांडं होत नाही, पण भांड्याची कातडी होते. मला हे कळायला दुसरा मुक्काम लागला.

५. बघायचं काय

माती वाळतेय तोवर हिंडा. पण निसर्गदृश्यांकडे शेवटी. आधी स्वयंपाकघर.

खापर बघा. आखाजीला, कानबाईच्या सणाला किंवा लग्नघरी मांडे होतात तेव्हा चुलीवर पालथं घातलेलं ते मोठं मातीचं भांडं, आणि त्यावर पडणारी हातावर पसरवलेली रुमालासारखी पुरणपोळी. खाली जाळ, वर थंड ओली पोळी, तरी ते तडकत नाही. का? कारण त्याची माती मुद्दाम पोकळ ठेवलेली असते, आणि ते कमी आचेवर भाजलेलं असतं. कुंभार मातीत लीद, राख, वाळू घालतो. लीद भट्टीत जळून जाते आणि बारीक छिद्रं मागे ठेवते. तापल्यावर फुगायला त्यात जागा राहते. कडक भाजलेलं, काचेसारखं घट्ट भांडं चुलीवर पहिल्याच दिवशी बोलतं. परवानगी घेऊन खापराची जाडी मोजा, मध्यावर किती आणि कडेला किती. त्या मापातच सगळं शिक्षण आहे.

आखाजीची घागर आणि तिच्यावरचं डेरगं बघा. पितरांसाठी पाणी भरलेली घागर, वर लहान भांडं, मग खरबूज, सांजोऱ्या, आंबे. एकावर एक तोललेला तो मनोरा शिल्पकाराने रचावा तसा असतो. मात्र घरची पूजा मांडलेली असताना मोबाइल पुढे करू नका. बसा, जेवा, आणि घरी येऊन आठवणीने चित्र काढा. आठवणीत आकार साधा होतो, आणि तो साधेपणा उपयोगाचा असतो.

भरिताची पार्टी तर थंडीत चुकवताच येत नाही. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्याची साल कशी काळी पडते, कुठे राखाडी, कुठे फोड येऊन चकाकते, ते नीट बघा. धुरात भाजलेल्या भांड्याचा पृष्ठभाग हुबेहूब तसा येतो, आणि इंधनही तेच वापरता येतं.

जुनी भांडी बघायची तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहालयापासून सुरुवात करा. जाण्याआधी वेळ विचारून घ्या. तापीकाठच्या सावळदा गावावरून ज्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळालं, तिची सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची भांडी जाडसर पोताची, चॉकलेटी-तांबूस लेपाची आणि त्यावर काळ्या रंगात हत्यारं, पक्षी, प्राणी काढलेली. त्यांचे फोटो मिळवून अभ्यासा, पण नक्षी जशीच्या तशी उचलू नका. घ्यायचाच तर लेप घ्या: लोहाची माती, पातळ, भांडं अर्धवट वाळलेलं असताना लावलेली आणि गुळगुळीत दगडाने घोटलेली.

कुणी विचारेल, स्थानिक सामानावर एवढा भर कशाला? १९३६ च्या डिसेंबरात इथल्याच फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा नगर-मंडपाची रचना आणि सजावट नंदलाल बोस यांच्याकडे होती. शांतिनिकेतनचा एवढा मोठा चित्रकार, पण बांबू आणि गावात मिळणारं साहित्य यांतूनच त्यांनी ती उभी केली. आणि फिरायचा कंटाळा आलाच तर चाळीसगाव स्टेशनजवळचं छायाचित्रकार केकी मूस यांचं घर पाहा. १९८९ मध्ये वारले तोवर ते गृहस्थ आयुष्याची कित्येक दशकं त्या घराबाहेर फारसे पडलेच नाहीत, आणि टेबलावर वस्तू मांडून त्यांनी काढलेली छायाचित्रं आजही लोक बघायला जातात.

६. घडवणं आणि वाळवणं

अंग पोयट्याचं ठेवा. फार चिकट वाटली तर १५ ते २० टक्के बारीक चाळलेली वाळू किंवा भाजलेल्या विटेचा चुरा घाला. मोठ्या आचेवर जायचं असेल तर गुजरातेतल्या थानगडकडची स्टोनवेअर माती (मोठ्या आचेला टिकणारी) मागवा आणि इथली माती लेप-ग्लेझसाठी राखा. यात कमीपणा काही नाही.

चाक येत नसेल तर हट्ट नको. कुंभारसुद्धा माठ चाकावर पूर्ण करत नाही. तोंड-गळा चाकावर होतो, मग आतून दगडी गोळा आणि बाहेरून लाकडी थापी धरून पोट चोपून चोपून वाढवतो. वळ्या रचून केलेल्या भांड्यालाही ही चोपणी लावता येते. एक दिवस फक्त तेवढंच शिका.

वाळवताना वारा हा शत्रू. भांड्यावर आधी प्लॅस्टिक, दोन दिवसांनी ओलं गोणपाट, मग कोरडं, मग सावलीत उघडं. कडा आधी वाळतात, त्यांना प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळा.

७. राख, खडीची भुकटी, तांब्याची पापडी

केळीचे खांब आणि पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, खानदेशात फुकट मिळतात. केळीचे खांब पूर्ण वाळवून स्वच्छ पत्र्यावर जाळा. त्यांची राख पोटॅशने भरलेली असते आणि ग्लेझ लवकर वितळवते. ओली राख हात भाजते, म्हणून हातमोजे घाला, आणि चाळताना मास्क लावा. राख धुतली तर पोटॅश पाण्यासोबत जातं, न धुतली तर ग्लेझ जास्त पळतं. दोन्ही करून बघा.

पाच बरण्या घ्या. पहिलीत ९० भाग गाळलेली काळी माती आणि १० राख, दुसरीत ८०-२०, असं ५०-५० पर्यंत. स्टोनवेअरच्या पट्ट्यांवर लावून १२२० ते १२४० अंशांत भाजा, खाली थाळी ठेवून. एका ठिकाणी काळं चकाकतं, पुढे मधासारखं होतं, शेवटी ओघळतं. मातीऐवजी खडी क्रशरवरची बेसाल्टची भुकटी बारीक चाळून वापरली तर लोहाचे वेगळे ठिपके येतात.

हिरवा हवा असेल तर धुळ्याजवळचं सोनगीर गाठा. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. तापवलेल्या तांब्यावरून ठोकताना गळणारी काळी पापडी म्हणजे तांब्याचं ऑक्साइडच. मागून घ्या, खलात बारीक करा, ग्लेझमध्ये २ ते ३ टक्के घाला. पण हे ग्लेझ फक्त बाहेरून. चिंच-लिंबासारख्या आंबटाने तांबं सुटतं. आतून खाण्याच्या भांड्याला हे लावू नका, कितीही मोह झाला तरी.

८. भाजणं

विजेची भट्टी असेल तर आधी थ्री-फेज वीज कधी असते ते विचारा. ग्रामीण भागात ती दिवसभर असेलच असं नाही, आणि अर्ध्यात गेली की पुन्हा पहिल्यापासून. १२० अंशांपर्यंत अगदी सावकाश, कारण आत अडकलेलं पाणी वाफ होऊन भांडं फोडतं. ५७३ अंशांच्या आसपास वाळूतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं, तिथेही चढताना-उतरताना घाई नको. बिस्किट ९००-९५० ला थांबवा.

आवा, म्हणजे कुंभाराची उघडी भट्टी, लावायचा असेल तर कुंभाराबरोबरच लावा, त्याच्या आव्याच्या कडेला तुमची दोन भांडी. खाली गोवऱ्या, पऱ्हाट्या, मध्ये भांडी, वर कडबा, फुटकी खापरं आणि राखेचा थर. वारा कुठून येतोय ते तो बघेल. तुम्ही फक्त त्याच्या मागे उभे राहा आणि सकाळपर्यंत उकरू नका. आव्यात भाजलेलं भांडं पाणी झिरपवतं. त्यात दूध-आमटी ठेवू नका, आणि विकताना तसं सांगा.

९. दाखवणं आणि नेणं

प्रदर्शन शक्यतो गावातच मांडा: शाळेच्या व्हरांड्यात, मारुतीच्या पारावर. भांड्यासमोर त्याच्या मातीचं ढेकूळ ठेवा आणि शेताच्या मालकाचं नाव लिहा, त्यांना विचारून. तडकलेल्या पट्ट्याही मांडा. माझ्या वाट्यांपाशी कुणी फारसं थांबलं नाही, पण तडकलेल्या पट्ट्यांपाशी अर्धा तास चर्चा झाली. कुणाच्या वावराची माती जास्त फाटली, यावर दोन सख्खे भाऊ भांडायचेच बाकी होते.

पट्ट्यांचा एक पूर्ण संच कुंभाराकडे ठेवा, मापं मराठीत लिहून.

भांडी न्यायला केळीच्या क्रेटसारखं दुसरं काही नाही. तळाला कडबा, प्रत्येक भांड्याला वाळलेल्या केळीच्या पानांची गुंडाळी, मध्ये पुन्हा कडबा, आणि क्रेट हलवल्यावर आवाज आला तर अजून भरा. एसटीच्या डिकीत टाकू नका. मांडीवर घ्या, कंडक्टर अर्धं तिकीट मागेल ते द्या.